दोनदा निघालेलं घर

जामसरच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून त्रेचाळीस घरांचा एक पाडा होता. त्या पाड्यातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस म्हणजे नवसू. संस्थान विलीन झालं तेव्हा तो जव्हारच्या शाळेत होता. राजाचं राज्य जाऊन कलेक्टरचं आलं, तरी पाड्याची पायवाट होती तशीच राहिली, आणि त्याच वाटेनं एके दिवशी डोक्यावर ट्रंक घेऊन तो नाशिकच्या गाडीला गेला. बाप मंगळू लवकर वारला होता. आई धोंडीबाई पाड्याची सुईण. तीस वर्षांत पाड्यात जन्मलेलं प्रत्येक पोर तिच्याच हातात आलेलं, त्यामुळे धोंडीबाईचा मुलगा कॉलेजात शिकतो याचा अभिमान सगळ्यांनाच होता. नवसूलाही होता. जरा जास्तच होता, आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथंच.

कॉलेजात त्याला संख्याशास्त्र नावाचा नवा विषय लागला. बाकीचे विषय पाठ करून निभायचे, हा काही केल्या निभेना. पण त्यातला एक धडा नवसूला मनापासून आवडला. प्रोफेसर म्हणाले होते, "शितावरून भाताची परीक्षा, हेच आपलं शास्त्र. फक्त शीत कुठलं उचलायचं ते आपल्या मनानं ठरवायचं नाही." त्यासाठी एक छापील तक्ता होता. त्यात आकडेच आकडे, कसलाही क्रम नसलेले. बोट ठेवायचं, खाली सरकत जायचं, आणि येईल तो आकडा लिहायचा. "एकदा आलेला आकडा पुन्हा आला तर पुन्हा लिहा," प्रोफेसरांनी बजावलं होतं. "त्यात नवल काही नाही. चाळीसेक घरांच्या गावात दहा आकडे काढले, तर एखादा दोनदा येतोच, बहुतेक वेळा."

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावातली दहा घरं अशी निवडून घरटी माणसं किती ते काढायचं होतं. ते काम दिल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नव्हते.

नवसू पाड्यात आला तेव्हा वाघदेवाच्या पुजेची वाघबारस होऊन गेली होती आणि सोम्याची चार वर्षांची पोर बायडी नऊ दिवस तापानं फणफणत होती. जैतू भगतानं सुपात दाणे पाहिले होते. पोरीवर करणी करणारी भुताळी पाड्यातलीच कुणीतरी आहे, एवढं सांगून तो थांबला होता. "घर निंगल," तो म्हणाला होता. तिचं घर निघेल. पाडा त्या निघण्याची वाट पाहत होता. नवसूनं हे ऐकलं, आणि शिकलेल्या माणसानं करावं तसं कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली माणसं जमवून त्यानं तक्ता उघडला. घरांना आधीच नंबर दिले होते. खरं तर हे काम घरात बसून गुपचूप करता आलं असतं. पण आपलं पुस्तक लोकांनी पाहावं, अशी हौस. तो मोठ्यानं वाचत गेला आणि ज्याचं घर आलं त्याला हसत हाक मारत गेला.

"सतरा! भागीबाय, तुझा घर निंगाला!"

भागी विधवा, कूळ ना शेत, रोजावर जाणारी बाई. मोळी टेकवून ती कडेला उभी होती. ती कसनुसं हसली. नवसू पुढे वाचत राहिला. चार, एकतीस, बावीस, आणि आठव्या खेपेला पुन्हा सतरा.

"परत भागीबाय!" तो म्हणाला. या वेळी कुणीच हसलं नाही.

"दोनदा निंगाला," जैतू भगत हळूच म्हणाला. सोम्यानं भागीकडे पाहिलं. भागीनं मोळी उचलली नाही. तशीच टाकून ती घराकडे चालू लागली, आणि वाटेतल्या बायका पोरांना पदराआड घेत बाजूला झाल्या.

तेव्हा कुठे नवसूच्या डोक्यात प्रकाश पडला. निघणं हा शब्द त्या दिवसांत पाड्यात एकाच कामाचा होता. आणि तो त्यानंच उच्चारला होता, हातात छापील पुस्तक धरून. तो समजावायला लागला. आकडे असेच येतात म्हणाला, पुस्तकाला काही कळत नाही म्हणाला. जितकं बोलला तितकं बिघडलं. "पुस्तकाला कलत नाय त् तू वाचतंस कशाला?" गर्दीतल्या जिव्यानं विचारलं, तेव्हा नवसूनं पुस्तक मिटलं.

दुसऱ्या सकाळी भागीला विहिरीवर कुणी पाणी भरू दिलं नाही. तिचा हंडा दगडानं चेपलेला वाटेत पडला होता. दुपारी पंच बसणार होते. असं घर निघालेली दूरच्या एका पाड्यातली बाई पुन्हा कुणाला दिसली नव्हती, हे लहानपणी ऐकलेलं नवसूला आठवलं. चूक त्याची होती, आणि तिची किंमत भागी जिवानं मोजणार होती.

शिकारीच्या वाट्यांची गोष्ट त्याला तेव्हा सुचली. शिकार झाली की मांसाचे वाटे पानांवर मांडत. प्रत्येक घर आपली एक खूण देई, कुणी मणी, कुणी चिंचोका, कुणी खडा. त्या टोपलीत घालून डोळे मिटून उचलत. ज्याची खूण त्याचा वाटा. कुणाला दोन दिवस लागोपाठ चांगला वाटा आला म्हणून आजवर कुणी कुणाला भुताळी म्हटलं नव्हतं.

पंचांपुढे हात जोडून तो म्हणाला, "मी मागतो तेवढा एकच करा. बारा माणसांनी खुणा उचला. उचलली की दाखवा आणि परत टोपलीत टाका. मग काय कराचा त्या करा."

टोपली घेऊन तो घरोघर फिरला. मनात गणित चालूच होतं. बारा खेपांत कुठलीतरी खूण दोनदा यायची शक्यता पाचात चार. म्हणजे पाचात एकदा काहीच व्हायचं नाही, आणि मग संपलं. आणि त्या बारांत भागीचीच खूण यायची शक्यता चारात एक. चारात एक! वर्गात हा आकडा फळ्यावर असता तर त्यानं तो निवांत उतरवून घेतला असता.

भागीनं दाराच्या फटीतून लाल मणी दिला. तिनं दार लगेच लावून घेतलं. नवसूनं मणी टोपलीवर नेला, मूठ उघडल्यासारखी केली, आणि हात खिशात घातला.

शेवटी तो आपल्या दारात आला. आईनं बोटातलं चांदीचं वेढं काढून टोपलीत टाकलं. सोम्या जन्मला तेव्हा त्याच्या आईनं ते धोंडीबाईला दिलेलं, हे पाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बाराजण उचलू लागले. पहिल्यानं चिंचोका उचलला, दुसऱ्यानं निळा मणी. चौथ्या खेपेला जिव्याच्या हाती वेढं आलं. "धोंडीबाय," लोक म्हणाले, आणि वेढं परत टोपलीत पडलं. सहा झाल्या, सात झाल्या, सगळ्या वेगवेगळ्या. नवसूचा सदरा पाठीला चिकटला. दहावी वेगळी. अकरावी जैतू भगतानं उचलली. कवडी, पहिल्यांदाच आलेली. भगतानं ती सगळ्यांना दाखवली आणि नवसूकडे पाहून मान हलवली. आता एकच माणूस राहिला होता, सोम्या. त्यानं टोपलीत हात घातला, बराच वेळ चाचपला, आणि मूठ उघडली.

त्याच्या तळहातावर त्याच्याच आईचं वेढं होतं.

"दोनदा निंगाला," कुणीतरी म्हणालं. नवसूनं विचारलं, "मग माझी आय भुताळी? सोम्यादादा, तू सांग. जैतूबाबा, तुम्ही सांगा."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. धोंडीबाई बायकांत बसली होती. तिनं मान खाली घातली नाही. मागून एक आवाज आला, "कोन जाने..." आणि तिच्या शेजारच्या दोन बायका किंचित सरकून बसल्या. नवसूनं ते पाहिलं. आयुष्यात तो तेवढा कधी घाबरला नव्हता.

सोम्या उठला. धोंडीबाईसमोर जाऊन बसला आणि वेढं तिच्या हातात ठेवलं. "हिच्या हातात मी जन्मलो," तो पंचांना म्हणाला. "माझी पोर पन हिच्याच हातात आली. ही भुताळी असती त् पाड्यात कोन जगला असता? शिकारीचा वाटा हाय ह्यो. दुसरा काय नाय." मग तो नवसूकडे वळला. "पोरीला जव्हारला नेऊ. तू चल. डाक्टरशी बोलाया कोनी पायजे."

त्याच दिवशी बायडीला झोळीत घालून त्यांनी जव्हारच्या दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांनी ती आपल्या पायांनी अंगणात आली. भागीही पाड्यातच राहिली, म्हातारी होऊन मेली.

नवसू परीक्षा पास झाला. पुढे जव्हारच्या कचेरीत पीकपाण्याचे आकडे जमवण्याच्या कामावर त्याची सगळी नोकरी गेली. हाताखालच्या पोरांना तो ही गोष्ट रंगवून सांगायचा. एक गोष्ट मात्र गाळायचा.

दवाखान्यातून परत आल्यावर तो खुणा घरोघर वाटायला निघाला, तेव्हा आईनं त्याला थांबवलं. लाल मणी टोपलीतून नव्हे, खिशातून निघताना तिनं पाहिला होता.

"तिचा मनी तू घातलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाय, आये."

"मग माझा वेढाही काढून ठेवाचा व्हता रे."

नवसूनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझा निंगाला त् तुला कोणी काय बोलणार नाय, ह्या मला ठाऊक होता."

धोंडीबाईनं बोटातलं वेढं सारखं केलं आणि चुलीकडे वळली. "आनि बोलले असते त्?" तिनं विचारलं.

नवसूनं सगळ्या शक्यता मांडल्या होत्या. ही मांडायची राहूनच गेली होती.