सुशीलाबाईंचा उजवा हात

भुताखेतांवर माझा विश्वास असता तर माझी नोकरी आठवडाभरही टिकली नसती. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. देहदानात आलेले मृतदेह औषध भरून टिकवायचे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांच्यावर शिकवायचं, हे माझं रोजचं काम. डिसेक्शन हॉलला लागूनच असलेल्या खोलीत बसून मी डबा खाते. दारव्ह्याला माझ्या सासूबाई अजूनही विचारतात, "तुले भेव नाही लागत का वं?" आणि मी हसते. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आज मीच लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतंय...

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. मे महिना. आमच्याकडचा मे कसा असतो ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. सकाळीच घाटंजीहून फोन आला — सुशीलाबाई गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. देहदानाचं त्यांनी फार आधी ठरवलं होतं आणि घरच्यांना बजावूनही ठेवलं होतं. त्यांचा मुलगा मिलिंद त्यांना अ‍ॅम्ब्युलन्समधून घेऊन आला. घाटंजीला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोबत गल्लीतली दहा-बारा माणसं होती. त्यांनी आमच्या पोर्चमध्येच त्रिशरण-पंचशील म्हटलं. मिलिंदने आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, माही बहीण मस्कतले नर्स हाय. तिकीटच भेटून नाही राह्यलं तिले. मी येऊस्तोवर थांबा म्हणते. थांबता येते का?"

मी नाही म्हटलं. उशीर झाला की रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि औषध सगळीकडे पोचत नाही. त्यात आमचं शीतगृह नेमकं त्या आठवड्यात बंद पडलेलं. त्याने मान हलवली आणि माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला. फोन कानाला होता, तरी तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं —

"मिल्या, शेवटचा हातही नाही धरू देल्ला तू मले आईचा! औषधाच्या टाकीत टाकून राह्यला तू तिले! आजपासून मले फोन नको करू."

त्याने फोन खिशात ठेवला, सही केली आणि गेला. मला वाईट वाटलं. पण काम काम असतं.

आमचे अटेंडंट गजाननभाऊ आणि मी कामाला लागलो. पद्धत साधी आहे. जांघेतली धमनी उघडून तिच्यात नळी बसवायची आणि उंचावर टांगलेल्या बाटलीतून औषध हळूहळू सोडायचं. औषध म्हणजे फॉर्मलिन, स्पिरिट, ग्लिसरीन, थोडं फिनॉल, पाणी, आणि औषध कुठवर गेलं ते दिसावं म्हणून गुलाबी रंग. फॉर्मलिन जिथे पोचतं तिथलं मांस घट्ट होत जातं, आणि एकदा घट्ट झालं की ते वर्षानुवर्षं टिकतं. बाईंचे पाय, पोट, चेहरा, डावा हात... सगळं व्यवस्थित झालं. उजवा हात मात्र मनगटाखाली मऊच.

यात नवं काही नव्हतं. वय झालेल्या माणसांच्या रक्तवाहिन्या कुठेकुठे बुजलेल्या असतात. अशा वेळी काखेतली धमनी उघडून त्या हाताला वेगळं औषध द्यायचं असतं. दिलं. कुठेही न अडता ते सरळ गेलं. नखांखाली गुलाबी रंग आलेला मी स्वतः पाहिला. झालं म्हणून आम्ही हात धुतले.

दुसऱ्या दिवशी हात तसाच. मी तळव्यात आणि बोटांत सिरिंजने औषध टोचलं. मग बाईंना टाकीत ठेवलं, तिथे तर देह पूर्ण औषधातच बुडालेला असतो. आठवड्याने बाहेर काढून पाहिलं. देह लाकडासारखा झाला होता आणि उजव्या हाताची बोटं झोपलेल्या माणसासारखी सैल. वास नाही, काळपटपणा नाही, सूज नाही. औषध लागलं नसतं तर त्या उकाड्यात हात कधीच सडायला हवा होता. लागलं असेल तर कडक व्हायला हवा होता. तो दोन्हीपैकी काहीच करत नव्हता.

आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं. सर अत्यंत चिकित्सक माणूस. त्यांनी हात दाबून पाहिला, आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग औषधाच्या डब्यांकडे. बाजारातून बकऱ्याची कलेजी आणवली आणि त्याच टाकीत टाकली. दोन-तीन दिवसांत तिचं खोडरबर झालं! म्हणजे औषध चांगलं होतं. देह मऊ राखायच्या वेगळ्या पद्धती असतात, काही ठिकाणी त्या वापरतातही, पण आमच्याकडे नाही. आणि वापरल्या तरी अख्खा देह मऊ राहील... एकच हात कसा?

"बघू," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे.

जून लागला. एके दिवशी दुपारी मी टेबलाशी बसले होते आणि दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला प्रवासाची बॅग, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"जयभीम मॅडम. मी प्रज्ञा. घाटंजीच्या सुशीलाबाईंची मुलगी. मले आई पाह्याची हाय."

औषध भरल्यावर आम्ही नातेवाइकांना सहसा दाखवत नाही. चेहरा फुगतो, रंग बदलतो, आणि मग माणसाच्या मनात तेच रूप जन्मभर राहतं. मी तिला हे नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी नर्स हाय मॅडम. चक्कर येऊन नाही पडणार. एक डाव फक्त हात धरू द्या."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "धरू दे तिला." तिला पाणी देऊन बसवलं आणि मी मिलिंदला फोन करून ती आल्याचं कळवलं. त्याने लगेच फोन ठेवला.

आम्ही बाईंना स्वच्छ धुऊन टेबलावर ठेवलं आणि पांढऱ्या चादरीने झाकलं. फक्त उजवा हात बाहेर ठेवला. त्या देहात माणसाच्या स्पर्शासारखं आता तेवढंच उरलं होतं.

प्रज्ञा स्टुलावर बसली. दोन्ही हातांत तो हात घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. बराच वेळ ती तशीच होती. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिले.

मग तिने डोकं वर केलं. आईच्या अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं. एकेक बोट वाकवलं, सोडलं. आता ती मुलीसारखी नाही, नर्ससारखी पाहत होती.

"मॅडम, औषध भरून किती दिस झाले?"

"तीन आठवड्यांच्या वर."

"मग हे असं काहून?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. विद्यार्थ्यांसमोर मी हे वाक्य कधी वापरत नाही.

"आईनं माहा हात दाबला. आत्ता."

मी खिडकीपाशी होते. मी ते पाहिलं नाही. त्यामुळे तसं झालं असं मी लिहिणार नाही. तिने जे सांगितलं तेवढंच लिहिते.

हॉलच्या दाराशी हालचाल झाली. मिलिंद आला होता, उंबऱ्याबाहेरच थांबला होता. प्रज्ञाने वळून पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार.

"मिल्या, बाहीर कायले उभा? ये अंदर. धर, तू पण धर."

तो आला. आईचा हात हातात घेतला आणि त्याला हुंदका आवरेना. "ताई, मी थांबलो असतो वं... पण आईनं देहदानाचा शब्द घेतलता माह्यापासून."

"मालूम हाय मले. तू बरोबरच केलं." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माह्या जिवाले लागलं म्हणून बोलली मी. तू चुकला म्हणून नाही."

दोघं त्याच्या मोटरसायकलवरून गेले. बॅग त्याने पुढे पेट्रोलच्या टाकीवर घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकी उघडली. उजवा हात कडक झाला होता. डाव्या हातासारखाच, अगदी लाकूड. फरक एवढाच की बोटं सरळ नव्हती. कुणाचा तरी हात धरल्यासारखी जराशी मिटलेली होती. मी सरांना बोलावलं. त्यांनी दाबून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "औषध मुरायला कधीकधी वेळ लागतो." मग स्वतःच म्हणाले, "पण एका रात्रीत नाही."

पुढे नवीन बॅच आली. डिसेक्शन सुरू करण्याआधी आमच्याकडे मुलं मृतदेहासमोर आदराची शपथ घेतात. त्या दिवशी मी मिलिंदला बोलावलं होतं. त्याने येताना फुलं आणली आणि व्हिडिओ कॉलवर प्रज्ञाला सगळं दाखवलं. काही आठवड्यांनी मुलांनी उजव्या हाताचा तळवा उघडला. मी मुद्दाम तिथे उभी राहिले. वाटलं, कुठेतरी गाठ सापडेल, बुजलेली धमनी सापडेल, आणि मीही सुटेन. काही नाही. बोटांच्या टोकांपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनी मोकळी, प्रत्येक स्नायू गुलाबी. म्हणजे औषध पहिल्यापासूनच सगळीकडे पोचलेलं होतं! इतकी सुंदर रचना दिसली की दुसऱ्या टेबलावरची मुलंसुद्धा बघायला आली.

वाचकांत कुणी रसायनशास्त्राचे, कुणी डॉक्टर असतील. कारण सुचलं तर जरूर कळवा. मी अजूनही भुतांवर विश्वास ठेवत नाही.

परवा मस्कतहून प्रज्ञाचा फोन आला होता. हात नंतर कडक झाला हे मी तिला तोवर सांगितलं नव्हतं. सांगावं की नाही, ठरत नव्हतं. त्या दिवशी सांगून टाकलं.

तिने एवढंच विचारलं, "पोट्टे शिकून राह्यले ना तिच्याजवळ?"

"शिकून राह्यले," मी म्हणाले.

"मंग बरं हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं.