थारोळ्यातली पोती

आमच्या अनसिंगात कुणाची म्हैस विहिरीत पडली की पहिली हाक शालिकराम माळ्याला. तरुणपणी तो नदीवरच्या पुलाच्या कामावर होता. दगड उचलणाऱ्या यारीच्या आकड्याला दोर बांधायचं त्याचं काम. तसाच एक आकडा त्यानं घरी तेल लावून जपला होता. मोटेच्या चाकावरून नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, सोडायचा, टोकाला आकडा लावायचा आणि बैलांनी ओढायचं. बैलांचा तर त्याला भारी गर्व. त्यांना हाकावं लागत नसे; मोट थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी झाल्याचा आवाज आला की ते आपसूक उलटपावली धाव, म्हणजे त्यांची उताराची वाट, चढून विहिरीकडे येत.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात त्याचीच विहीर खोल करताना कडेचा दगड सुटला आणि धाकटा भाऊ बबनराव कमरेपर्यंत त्याखाली अडकला. झरा फुटला होता, पाणी चढत होतं. शेजारच्या रंगरावाची मोट त्याच्या बैलांसकट घाईघाईनं दुसऱ्या चाकावर लावली. "पानी उपसत राहा, थांबू नोका!" असं बजावून शालिकराम खाली उतरला. त्यानं दगडाला दोराचा दुहेरी फास घातला, आकडा अडकवला आणि ओरडला, "हाना बैलं!"

दगड हातभर उचलला गेला. शालिकरामानं भावाच्या काखेत हात घातले. "निंगून राह्यला रे बबन्या, दम धर!"

तेवढ्यात रंगरावाची मोट थारोळ्यात कोसळली. तो आवाज ऐकून शालिकरामाचे बैल रोजच्यासारखे मागे आले आणि नाडा सैल पडला. काठावरचे चौघं बैलांना आडवे झाले, पण दगड खाली बसला होता. बबनराव ओरडलासुद्धा नाही.

शालिकराम भावाला सोडेना. पाणी त्याच्या छातीला लागलं. बबनरावाची बायको पंचफुला भासऱ्यासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, कधी तोंड उघडत नसे. ती काठावरून वाकून म्हणाली, "दादा, ते गेले जी. तुमी तरी वर या."

लोक म्हणाले, नशीब. मला या शब्दाची चीड येते. बैलांनी त्यांना शिकवलं होतं तेच केलं; शिकवणारा शालिकराम, मोट थांबवू नका म्हणणाराही तोच. त्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

वांगी मात्र वाळत होती, मोट चालवणं भागच होतं. त्यानं थारोळ्यात जाड पोती अंथरली. आता पाणी मुकाट्यानं पडे आणि बैल धावेच्या खालच्या टोकाशी कान टवकारून उभेच राहत. मग शालिकराम खाली जाई, वेसण धरून त्यांना मागे रेटत आणी. दिवसभर हेच.

एकदा पंचफुलाला राहवलं नाही. "पोती काढा जी दादा. तुमी थकून राह्यले."

"राहू दे, माय," तो म्हणाला. "पोती हायेत तरी मले आयकू येते."