आबांच्या उजव्या हाताची गाठ

मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा जळगाव जामोदच्या बसस्थानकावर आबांनी माझ्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले बारा रोडगे. जाडसर कणकेचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, झटकूनही थोडी राख राहिलेले. "दोन दिवस खराब नाही होत. भूक लागली त कोनाच्या तोंडाकडं पाहू नको," एवढं बोलून बस हलायच्या आधीच ते पाठ फिरवून चालू लागले. बाकीच्या मुलींचे बाप खिडकीशी उभे होते. मला फार राग आला. आबा रडत होते, हे मायनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

गाठ इतकी घट्ट होती, की होस्टेलवर ती कुणालाच सुटेना. शेवटी मी दातांनी सोडवली. "अय्या, याला राख लागलीये!" असं एकजण म्हणाली आणि मी गाठोडं पलंगाखाली सारलं. दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना एकटीनं बसून खाल्ले. तुमच्यापैकी जे जे गाव सोडून गेले, त्या प्रत्येकानं असं काहीतरी पलंगाखाली सारलेलं असणार.

आमच्याकडे पंगत म्हणजे रोडगे, आणि रोडगे म्हणजे आबा. निखारा तयार झाला की नाही, हे ते उजवा हात निखाऱ्यावर धरून सांगत. त्यांनी "टाका आता" म्हटल्याशिवाय कुणी रोडगा आत टाकत नसे. मी पुण्यात नोकरीला लागले, "काऊन"चं "का" केलं, सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तरी पंगतीची बातमी फोनवर पहिली मला यायची. मग एका सकाळी दुसरीच बातमी आली. आबांना लकवा मारला होता. उजवी बाजू.

दोघांनाही मी पुण्याला घेऊन आले. मायची शुगर तोवर डोळ्यांत उतरली होती. तिला माणूस आवाजावरून ओळखावा लागे. आबा चार-पाच महिन्यांत काठी घेऊन चालू लागले, पण हात तसाच लोंबत राहिला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्यांना एक पिवळा मऊ चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. "मी काय लेकरू हाओ काय?" म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवून दिला. गावाकडून बोलावणी येत. आबांचं उत्तर ठरलेलं, "असा हात घेऊन मी गावात पाय ठेवत नाही." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. या एका हातासाठी माझा बाप सहाव्या मजल्यावरच डोळे मिटेल आणि त्याला त्याचं शेत पुन्हा दिसणार नाही, या भीतीनं मला पोखरलं होतं.

आणि मी काय करत होते? त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते, घास भरवत होते, पेला ओठाला लावत होते. मला वाटे, किती मी गुणाची लेक! त्यांचा हात निकामी करण्यात माझा केवढा वाटा होता, हे मायच्या न दिसणाऱ्या डोळ्यांना आधी दिसलं.

एक दिवस ती कणकेची परात घेऊन आबांपुढे बसली. "अहो, पाहा बरं, सैल झाली काय? मले काही दिसून नाही राह्यलं." आबा लांबूनच म्हणाले, बरी आहे. "लांबून कणीक समजते काय? बोट लावा." डाव्या हातात काठी होती. आबांनी उजवा हात कसाबसा उचलून परातीत टाकला. बोटं रुतली, जरा वळली. "कच्ची हाय," ते म्हणाले, "अजून मळ." "माझे हात दुखतात. तुमीच मळा." ज्या बाईनं पन्नास वर्षं कणीक मळली तिला सैल-घट्ट कळत नव्हतं म्हणता? मी दारात उभी राहून तोंडावर हात दाबून रडले. चेंडू कचऱ्यात गेला. पुढे कितीतरी महिने आमच्या घरात गुठळ्यांच्या पोळ्या झाल्या, आणि मी त्या मिटक्या मारत खाल्ल्या.

या हिवाळ्यात आबा स्वतःहून म्हणाले, "चाल, जाऊ." शेतात पंगत ठरली. आबांचे जुने जोडीदार रशीदचाचा यांनी गोवऱ्या पेटवल्या, जाळ बसल्यावर सगळ्यांना मागे सारलं आणि म्हणाले, "भाऊ, निखारा तुमी पाहा. आमाले काय समजते?" आबांनी काठी माझ्याकडे दिली, वाकून उजवा हात निखाऱ्यावर धरला, आणि एकदम मागे ओढून ओरडले, "पोळलं बे! पोळलं!" लोक धावले, तर हा माणूस हात हवेत नाचवत हसतोय. वर्षभर ज्या हाताला गरम-गार कळत नव्हतं त्याला चटका लागला होता. "टाका आता!" ते म्हणाले. त्या दिवसाइतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

आबा आणि माय आता गावीच आहेत. मी ऑफिसशी भांडून महिन्यातले पंधरा दिवस तिथूनच काम करते. मीटिंगमध्ये मागून बकरी ओरडते आणि माझ्या तोंडून "काऊन" निघतं. कुणाचं काही अडत नाही. दुसरा झटका येईलही. आज आलेला नाही, एवढं मला पुरतं.

परवा पुण्याला निघाले तर आबा काठी टेकत बसस्थानकावर आले. गाठोडं त्यांनी स्वतः बांधलं होतं, उजव्या हातानं. या वेळी पाठ फिरवली नाही. बस हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. नांदुऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात बस आदळली, गाठ सुटली आणि बारा रोडगे सीटांखालून पार ड्रायव्हरपर्यंत घरंगळत गेले.

"कोनाचे हायेत हे?" कंडक्टर ओरडला.

"माझे!" मी उभी राहून सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले. "माझ्या घरचे आहेत. राख झटका आणि खा."