नकाशांचं कपाट

आमच्या हॉलमधला वाईन बार मी एका माणसाला फसवून करून घेतला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं तिला हे वाचूनच कळेल.

नवीन पनवेलमध्ये फ्लॅट घेऊन वर्ष झालं होतं. मी जमीन मोजणीच्या एका खासगी ऑफिसात नकाशे काढायचो. ऑफिसची सहल नाशिकला द्राक्षमळ्यांत गेली, तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा वाईन प्यालो आणि जाणकार होऊन परत आलो. बाटली आडवी ठेवावी, बूच ओलं राहायला हवं, असं दिसेल त्याला सांगू लागलो. आमच्याकडे तेव्हा एकच बाटली होती आणि ती फ्रिजमध्ये दह्याशेजारी उभी होती. मग मी बारचं ड्रॉइंग काढलं. ते मात्र चांगलं जमलं. खाली फुलीच्या आकाराचे खण, वर फळी, बाजूला छोटा ओटा.

सुतार शेजाऱ्यांनी सुचवला. उरणकडचा कोकणी मुसलमान, साठीला आलेला. त्याच्या कामात सांधा शोधावा लागे. दारात चपला काढतानाच म्हणाला, "साहेब, आधीच सांगतो. दोन कामं मी करत नाय. दारूचा कपाट आणि जुगाराचा टेबल. समोरच्या बिल्डिंगीत परवा बोलावलेला, तसाच परत आलो. बाकी काय पण सांगा."

ड्रॉइंग माझ्या हातात होतं. वर मोठ्या अक्षरात 'बार' असं मीच लिहिलं होतं. मी कागदाची तेवढी पट्टी मागे दुमडली.

"हे खण कशाला?"

"नकाशे ठेवायला. गुंडाळ्या असतात."

दुसरा सुतार मिळाला असता. पनवेलमध्ये सुतारांची टंचाई नव्हती. पण याचं काम मी शेजाऱ्यांकडे पाहिलं होतं आणि मला तेच हवं होतं. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही.

"गुंडाळी केवढी? नमुना आणा," तो म्हणाला. त्यामुळे मला ऑफिसातून खरोखरच रद्दीतले नकाशे आणावे लागले. त्यात उरण भागाचा एक होता, बंदर व्हायच्या आधीचा. त्याने तो फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर पटाशी, रंधा, हातोडी, चहाचा कप ठेवला आणि बोटाने रस्ता धरून निघाला. एका जागी बोट थांबलं.

"हितं आमचा घर होता. आता वर कंटेनर हायेत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नीट ठेवाय पायजे हे, साहेब. कसर लागंल."

कसर लागू नये म्हणून त्याने खणांच्या वर कापूर ठेवायला एक चपटा ड्रॉवर केला. तो ड्रॉइंगमध्ये नव्हता. त्याचे त्याने पैसेही घेतले नाहीत. प्रत्येक खण आतून हात फिरवून फिरवून घासला.

"भाई, किती घासताय? चहा गार झाला," बायको म्हणाली.

"भाभी, चहा दुसरा होईल. असला नकाशा दुसरा कुठला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो गेल्यावर म्हणाली, "सांगून टाका त्यांना. बरं दिसत नाही." मी म्हणालो, काम संपलं की सांगतो.

काम संपलं. मजुरीतल्या काही नोटा त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवल्या, काही आतल्या बंडीच्या. "ही हजची," तो म्हणाला. "हलाल कमाई लागते ना, म्हणून कामं निवडून घेतो."

बोलायचं तर तीच वेळ होती. मी म्हणालो, "ओटा जरा हलतोय का?"

त्याने वाकून चारही बाजूंनी दाबून पाहिला. "नाय, साहेब. नाय हलत."

बार तयार झाला. खण नकाशांच्या मापाचे असल्याने बाटल्या आत गडगडायच्या. शेवटी प्रत्येक बाटलीभोवती एकेक जुना नकाशा गुंडाळला. कापराच्या वासाचं काही करता आलं नाही. एका पाहुण्याने घोट घेऊन विचार केला आणि म्हणाला, "देवघरासारखी लागते रे."

तीन वर्षांनी तो सुतार, आमचा मिस्त्री, हजहून आला. खजूर आणि मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी घेऊन आमच्याकडे आला. आधी फोन केला होता, म्हणून बाटल्या वॉशिंग मशिनमध्ये लपवायला वेळ मिळाला. बायकोने खजुराची पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

तिला माहीत असलेलं अर्धं इथपर्यंत.

पुढच्या वर्षी त्याच देवघरवाल्या पाहुण्याने ड्रॉवर उघडला. मिस्त्रीने आत पेन्सिलीने आपला नंबर लिहून ठेवला होता, सुतार लिहितात तसा. पाहुण्याने तो मला न विचारता उतरवून घेतला. दोन दिवसांनी मला ऑफिसात फोन आला.

"साहेब, कोण एक मानूस म्हणतो, तुमच्याकडं बार केला तसा मला करून दे. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? तो नकाशांचा कपाट हाय. भांडलो त्याच्याशी." आणि मग जरा हळू आवाजात, "बरोबर बोललो ना मी?"

"बरोबर," मी म्हणालो.

आत नकाशे होते, हे खोटं नव्हतं. मी काही दिवस त्यावर काढले.

आता त्याला नीट दिसत नाही. करंजाड्याला मुलाकडे असतो. भाजी घेताना भेटला की विचारतो, "नकाशे बरे हायेत ना?" मी हो म्हणतो. इतक्या उशिरा सांगून त्याच्या हजला कशाला धक्का लावायचा, असं मी स्वतःला समजावतो. पण मी गप्प बसलो तेव्हा त्याची हज व्हायची होती.

त्याच्यासमोर बसून मी त्याला एवढं सांगायचं देणं लागतो: तो बार होता, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो. हे इथे लिहून ते फिटत नाही.