सुपारीची हजेरी

पाच वर्षांत विनोदिनी चिटणीसच्या कामात एक चूक निघाली नव्हती. पीथमपूरच्या औषध कंपनीचे कागद ती देवासला, देवघराशेजारच्या टेबलावर बसून तपासायची. एकीकडे कुकर, एकीकडे लॅपटॉप. दोघांपैकी कुणाचीच शिट्टी चुकली नाही. मग कंपनीला माणसांची तोंडं बघायची हुक्की आली. फर्मान निघालं : सगळ्यांनी ऑफिसात यायचं. साडेनऊला जो खुर्चीत दिसणार नाही तो गैरहजर. तीन गैरहजेऱ्या झाल्या की कायमचं घरी.

अडचण एवढीच, की माणसं नव्वद आणि खुर्च्या साठ. मधल्या काळात अर्धा मजला गोदामाला दिला होता. पर्स, रुमाल किंवा डबा ठेवून जागा धरायची नाही, असंही फर्मानात होतं. धारचे लोक स्कूटरवरून लवकर येऊन बसत. देवासची बस इंदूरची गर्दी तुडवत नऊ चाळीसला पोचे. सोमवारी आणि मंगळवारी विनोदिनीने जिन्याच्या पायरीवर बसून सगळे कागद तपासले, आणि दोन्ही दिवस तिच्या नावापुढे गैरहजर पडलं. बुधवारी तिसरा शेरा पडला की नोकरी गेली. लेकीचं, चिऊचं कॉलेज त्याच पगारावर चाललं होतं.

मंगळवारी दुपारी जिन्यावरूनच तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"म्हणजे तू तिथे असतेस आणि नसतेस?" अक्कांनी विचारलं.

"खुर्ची नाही ना अक्का, म्हणून नसते."

"मग सुपारी ठेव. तू नसलीस की चिंतामणी बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो ना? देवाला चालते. तुमचा साहेब काय देवाहून मोठा लागून गेलाय?"

विनोदिनीला हसू आलं. पण संध्याकाळी तिने गेटबाहेरच्या टपरीवरून एक अख्खी सुपारी आणली, कँटीनमधून चिमूटभर तांदूळ आणि हळद मागितली. सगळे उठल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत तांदळाच्या पुंजीवर सुपारी मांडली, वर हळद आणि पर्समधलं कुंकू वाहिलं आणि धावत बस पकडली.

बुधवारी नऊ चाळीसला ती आली, तर तीसएक माणसं भिंतीला टेकून उभी. खिडकीजवळची खुर्ची मात्र रिकामी, आणि तिच्याभोवती दोन हात जागा मोकळी.

"भिया, हाथ मत लगाना!" धारची दुर्गा एकाला दटावत होती. "मेरी मौसी ऐसी ही सुपारी लाँघ गई थी. भैंस ने दूध देना बंद कर दिया."

हजेरी घेणारे पीयूष साहेब यादी छातीशी धरून लांबच उभे होते. "ये किसने रखा है?"

"मैंने, सर. हमारे में जो खुद नहीं बैठ सकता, उसकी जगह सुपारी बैठती है. तो ये मैं ही हूँ."

साहेबांनी सुपारीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मतलब साढ़े नौ बजे आप कुर्सी पर थीं?"

"कल शाम से, सर."

त्यांनी लांबूनच खूण केली : हजर. सुपारी हलवायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे विनोदिनी पुन्हा जिन्यावरच बसली. पण हजर.

महिना सरेपर्यंत साठ खुर्च्यांवर नव्वद सुपाऱ्या झाल्या. माणसांना जमलं नव्हतं ते त्यांना जमलं. दाटीवाटीने का होईना, सगळ्या मावल्या. जिना भरला तशी माणसं हळूहळू आपापल्या घरी कामाला लागली. मुंबईच्या हेड ऑफिसातून अभिनंदनाचं पत्र आलं : हजेरी शंभर टक्के.

पौर्णिमेला चिटणीसांकडे सत्यनारायण होता. विनोदिनी घरीच होती, पण नेमकी त्याच वेळी साहेबांची मीटिंग लागली. ती लॅपटॉपसमोर बसली. चिंतामणी सवयीने कमरेला सुपारी खोचून पाटावर बसला.

अक्का भडकल्या. "ऑफिसात सुपारी, पाटावर सुपारी! सूनबाई, तू स्वतः कुठे नांदतेस गं?"

चिंतामणीने कमरेची सुपारी काढून बायकोपुढे धरली. "ले, इसको ड्यूटी पे लगा. तू इकडे ये."

विनोदिनीने ती कॅमेऱ्यासमोर नीट मांडली, पदर सावरला आणि पाटावर येऊन बसली.

"विनोदिनी मॅडम, आप सुन रही..." लॅपटॉपमधून आवाज आला आणि मध्येच थांबला.

चिऊने वाकून पाहिलं. "आई," ती कुजबुजली, "तुझे साहेब हात जोडून बसलेत."