चोरकप्प्यातलं ग्रीन कार्ड

चौऱ्याऐंशी साली सुट्टीचे दोन महिने नागपूरला आईकडे काढून आम्ही न्यू जर्सीला परत निघालो. वाटेत तीन दिवस इंग्लंडात, नवऱ्याच्या डॉक्टर मित्राकडे उतरलो. त्याचं गाव छोटं, पण तिथे शेकडो वर्षं दर बुधवारी बाजार भरतो, हे नवऱ्याने मला विमानातच तीनदा ऐकवलं होतं.

बुधवारी बाजारात गेलो. चौकाच्या मध्यावर लाकडी खांबांवर उभा असलेला जुना मंडप, त्याखाली चीज, अंडी, लोकरीचे मोजे, खुराड्यातल्या कोंबड्या. आमची सात वर्षांची लेक कोंबड्यांपाशीच रेंगाळली. मोजे घ्यायला मी पर्स उघडली. पाहते तर आत ग्रीन कार्ड नव्हतं. भारतात कशाला लागतंय म्हणून मी, अतिशहाणी, ते आईच्या लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवलं होतं. मुंबईहून लंडनला येताना कुणी ते मागितलं नाही. पण उद्याच्या अमेरिकेच्या विमानात त्याशिवाय मला कोण चढू देणार होतं?

नवरा खांबांवर कोरलेली अक्षरं वाचत होता. "अगं, बघ तरी, किती जुनं आहे!"

"जळले मेले तुमचे खांब," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तो चिडला नाही, खांब सोडून थेट घराकडे वळला. त्यामुळे मी जास्तच घाबरले.

लेकीने विचारलं, "बट आय हॅव माय पासपोर्ट, राइट? मंडेला स्कूल आहे."

ती अमेरिकेतच जन्मलेली, तिला कोण अडवणार? नवऱ्याचं कार्ड त्याच्या खिशात. अडकणार होते मी एकटीच.

मित्राच्या घरी येऊन नागपूरला कॉल बुक केला. तासभर फोनसमोर बसून राहिले. कार्ड तिथेही नसलं तर? एकदाची घंटी वाजली.

"आई, कपाटात माझं कार्ड आहे का गं?"

"आहे की. तू गेलीस त्याच दिवशी दिसलं."

"मग मुंबईला फोन का नाही केलास? चार दिवस मावशीकडे होतो आम्ही!"

 

"म्हटलं, ते न्यायला तरी परत येशील," आई म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला होता. खूप काही ऐकवायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चहा झाला का तुझा?"