वणव्यापाशी थांबलेली एसटी

नव्वद सालानंतरची काही वर्षं मी भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका शाळेत शिक्षक होतो. शनिवारी घोडेगावला घरी यायचो, तेव्हा एसटीवर बहुतेक वेळा एकच ड्रायव्हर असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला भाऊच म्हणत. घाटातल्या वळणावर तो गाडीशी बोलायचा, "दमानं गं बाई." उन्हाळ्यात डोंगरातली माणसं राब भाजायची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायची. सगळी दरी धुराने भरून जाई. तो वास आला की आजही मला ती गाडी आठवते.

एकदा एका म्हाताऱ्याच्या राबाचा जाळ सुटून रानाला लागला. म्हातारा एकटाच खोकत डहाळीने तो झोडपत होता. भाऊने गाडी उभी केली.

"उशीर व्हईल, राव," कंडक्टर म्हणाला.

"होऊ दे. उतरा पावणं, हिरव्या डहाळ्या मोडा."

आम्ही सगळेच उतरलो. डोळ्यांची आग होत होती, पण ओढ्यापाशी एकदाचा जाळ विझला.

"फॉरेस्टवाल्यांना सांगू नगा," म्हाताऱ्याने हात जोडले. भाऊने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी सुरू केली.

घोडेगावच्या स्टँडवर एसटीच्या साहेबांनी उशिराचं कारण विचारलं.

"गाडी तापली व्हती," भाऊ म्हणाला. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

साहेबांनी आमची काळवंडलेली तोंडं पाहिली. तेव्हा मागून उतरणारी एक आजी म्हणाली, "व्हय साहेब, लई तापली व्हती."